राजे आग्र्याला गेले तेव्हा

मागच्या पावसाळ्यात आमच्या बचत गटाच्या अध्यक्षताई जिन्यावरून पडल्या. बँकेत सही त्यांचीच चालायची. पापडाची ऑर्डर हातात, अन् उडीद आणायला पैसे निघेनात. तेव्हा मला आपल्या सिंदखेडराजाची लेक आठवली, जिजाऊ.

मार्च १६६६. शिवाजीराजे राजगडावरून आग्र्याला निघाले. आदल्याच वर्षी पुरंदरच्या तहात २३ किल्ले गेले होते, हाती उरले १२. संभाजीराजेही सोबत, त्यांना नऊ वर्षंही पुरी नव्हती. राजारामांचा जन्म १६७० चा. म्हणजे राजा आणि वारस दोघेही औरंगजेबाच्या दारात! ही जोखीम मला आजही फार मोठी वाटते.

पण मागची घडी ते बसवून गेले होते. कारभार जिजाऊंच्या हाती, मदतीला मोरोपंत पिंगळे. नुसतं ‘लक्ष ठेवा’ असं नाही, निर्णयाचा अधिकारही दिलेला. मे महिन्यात आग्र्यात राजांवर पहारे बसले, ते निसटले १७ ऑगस्टला. तोवर त्यांना विचारून काही करायची सोयच नव्हती. तरी गडांचा कारभार चालू राहिला. उलट याच काळात रांगणा किल्ला आदिलशाहीकडून घेतला. जिजाऊ तेव्हा ६८ वर्षांच्या होत्या.

आमच्या ताई आता काठी घेऊन चालतात. बुधवारी बैठक आहे. सहीसाठी बँकेत आणखी दोन नावं द्यायची आहेत. एक ठरलंय. दुसरी म्हणते, घरी विचारून सांगते.