एका रेणूचा लोहचुंबक

लोहचुंबक मोडला तर दोन होतात, ते मोडले तर चार. श्रोतेहो, असें मोडीत गेल्यास चुंबकत्व कोठवर टिकेल? नेहमींच्या चुंबकांत असंख्य अणु परस्परांना धरून असतात; तो आधार सुटला कीं उष्णतेच्या कंपनांत त्यांची दिशा हरपते. तरीहि एकटा रेणु आपली दिशा राखूं शकतो. मात्र त्याची घडण तशी हवी.

१९८० सालीं पोलंडमधील लिस यांनीं बारा मँगनीज अणूंच्या एका संयुगाची रचना प्रसिद्ध केली. त्याचा खरा गुण उमगला तो इटलींत. १९९३ सालीं सेस्सोली, गात्तेस्की व त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें कीं, निरपेक्ष शून्याच्या दोन अंश वर हा रेणु दिलेली दिशा सुमारें दोन महिने जपतो. त्यांत मधले चार अणु एका दिशेचे, भोंवतालचे आठ उलट दिशेचे. स्पिनच्या मापानें बाहेरचे सोळा, आंतले सहा, शिल्लक दहा. शिवाय बाहेरच्या अणूंभोंवतालच्या चौकटी बहुतेक एकाच अक्षावर ताणलेल्या. म्हणून ‘वर’ आणि ‘खालीं’ या दोनच दिशा रेणूला मानवतात. मध्यें जणूं घाट उभा असतो.

मग अणु वाढवावे, असें वाटणें साहजिक होतें. २००६ सालीं एकोणीस मँगनीज अणूंचा रेणु सिद्ध झाला, स्पिन साडेएकेचाळीस! परंतु रचना सर्व बाजूंनीं इतकी सारखी, कीं कोणतीच दिशा विशेष उरली नाहीं. घाट जवळजवळ सपाट झाला.

दुसरी वाट जपानांत इशिकावा यांनीं २००३ सालींच दाखविली होती: टर्बियमचा एकच अणु, दोन चपट्या सेंद्रिय चकत्यांमध्यें. टर्बियम व डिस्प्रोसियम यांच्या आयनांतील इलेक्ट्रॉनांचा मेघ भाकरीसारखा चपटा असूं शकतो. वर व खालीं ऋणभार ठेवला, तर तो भाकरीला उभी राहूं देत नाहीं.

२०१७ सालीं मँचेस्टर येथें दोन कार्बनी कड्यांमधील डिस्प्रोसियमची स्मृति साठ अंशांपर्यंत टिकली. या कड्यांमधील कोन सुमारें १५३ अंश होता. २०१८ सालच्या रेणूंत कडीं अधिक जवळ आलीं, कोन सुमारें १६२ झाला, आणि स्मृति ऐंशी अंशांपर्यंत पोंचली. म्हणजे द्रव नायट्रोजनच्या ७७ अंशांपलीकडे.

आपल्या खोलींतील उष्णतामान सुमारें तीनशें अंश. तेथवरची मजल अजून लांब आहे. पण ती अणूंच्या संख्येनें नव्हे, त्यांच्या मांडणीनेंच गांठावी लागेल.