साडेपाचच्या आत

12 जानेवारी 1968, शुक्रवार. भाईंदरला तुम्ही चर्चगेटची गाडी पकडता आणि चक्क बसायला मिळतं. खिडकीबाहेर मिठागरं, इथं नगरपालिका यायलाच अजून सतरा वर्षं आहेत. डब्यात कोयनेच्या भूकंपाचा विषय चाललाय. महिन्यापूर्वीच्या त्या पहाटे कोण कसं दचकून उठलं, ते जो तो सांगतोय. संक्रांत परवावर आलीय. बीटल्सचं नाव कुणी काढत नाही.

हुतात्मा चौकातून फिरोजशहा मेहता रस्त्याला लागा. युनिव्हर्सल इन्शुरन्स बिल्डिंग. कचेऱ्यांच्या वर एचएमव्हीचा स्टुडिओ आहे. जिना चढा, दार हळूच लोटा.

तो बघा, बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन. वय 24. तो काही वाजवत नाहीये. सांगतोय आणि कान देऊन ऐकतोय. ‘वंडरवॉल’ नावाच्या सायकेडेलिक इंग्रजी चित्रपटाचं संगीत त्याच्याकडे आहे. लंडनला स्टॉपवॉच लावून त्यानं एकेक प्रसंग मोजला आणि तेवढ्या लांबीचे तुकडे बसवायला तो इथं आला. सायकेडेलिक म्हटलं की आपल्याला धूर आणि तंद्री आठवते. इथं सगळा हिशेब सेकंदांचा. आणि या कामाला मुंबईइतके तयार वादक दुसरीकडे कुठे मिळणार? या आठवड्यातल्या वादकांत संतूरवाले शिवकुमार शर्मा आहेत, बासरीवाले हरिप्रसाद चौरसिया आहेत. हिंदी चित्रपटांच्या रेकॉर्डिंगमध्ये मुरलेली माणसं. पडद्यावरचा प्रसंग संपला की सूरही संपला पाहिजे, हे त्यांना लंडनहून येऊन शिकवायला नको.

आता ते यंत्र बघा. मुंबईत होतं ते मोनो, म्हणून एचएमव्हीच्या भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून रेल्वेनं हे दोन ट्रॅकचं स्टिरिओ यंत्र आणवलं. लंडनमध्ये बीटल्सची ‘सार्जंट पेपर’ चार ट्रॅकवर झाली, थरावर थर चढवत. इथं ती चैन नाही. सगळ्यांनी एकदमच वाजवायचं. कोण माइकच्या जवळ, कोण लांब, हे आधीच ठरवायचं. एक चुकला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. मला तरी ‘वंडरवॉल’च्या आल्बमचा ताजेपणा या अडचणीतूनच आलेला वाटतो.

खालून टॅक्सीचा भोंगा येतो, भिंती तो अडवत नाहीत. साडेपाच वाजले की रेकॉर्डिंग थांबवावंच लागतं: कचेऱ्या सुटतात आणि जिन्यावरून उतरणाऱ्या पावलांचा धडधडाट थेट आत येतो. जगातल्या सर्वांत गाजलेल्या बँडचा माणूस हात बांधून उभा, कारण कारकुनांना गाडी गाठायचीय! तुम्ही भाईंदरकर; तुमची सहानुभूती कुणाकडे, ते विचारायला नको.

आज मात्र चित्रपटाबाहेरचं एक गाणं चाललंय, ‘द इनर लाइट’. शब्द ‘ताओ ते चिंग’ या चिनी ग्रंथावरून घेतलेले. आशिष खान यांचा सरोद, महापुरुष मिश्रांचा पखवाज, चौरसियांची बासरी, शिवाय शहनाई आणि हार्मोनियम. आवाज फेब्रुवारीत लंडनला चढवतील. 15 मार्चला ‘लेडी मॅडोना’च्या मागच्या बाजूला हे गाणं बाजारात येईल, बीटल्सच्या सिंगलवर हॅरिसनची ही पहिलीच रचना. तबकडीवर नाव छापलं जाईल बीटल्स, पण त्यात एकही वाद्य बीटलनं वाजवलेलं नसेल. ‘वंडरवॉल म्युझिक’ नोव्हेंबरात येईल, ॲपल कंपनीचा पहिला आल्बम म्हणून.

पाच वाजून वीस मिनिटं झालीत. आणखी एक टेक होईल बहुतेक.