गुणांकनाचे गणित आणि स्पर्धेचे वजन

रेल्वेच्या वेळापत्रकात श्रीरामपूरचे स्थानक ‘बेलापूर’ या नावाने ओळखले जाते. दौंड-मनमाड लोहमार्गावरील या स्थानकातून एका बाजूस दौंडमार्गे पुणे आणि दुसऱ्या बाजूस मनमाडमार्गे नाशिक गाठता येते. बुद्धिबळात पुढे जाऊ पाहणाऱ्या तालुक्याच्या ठिकाणच्या मुलाला आणि त्याच्या पालकांना असे मार्ग लवकरच तोंडपाठ होतात. आंतरराष्ट्रीय गुणांकन, म्हणजेच बोलीभाषेतील ‘रेटिंग’, मिळवायचे तर जागतिक बुद्धिबळ महासंघाकडे, अर्थात ‘फिडे’कडे, नोंदलेल्या स्पर्धेत खेळावे लागते आणि अशा स्पर्धा प्रामुख्याने मोठ्या शहरांत होतात. प्रवेश शुल्क, प्रवास, चार-पाच दिवसांचा मुक्काम आणि बुडालेली शाळा या साऱ्याच्या मोबदल्यात हाती पडतो तो एक चार अंकी आकडा. तो कसा ठरतो, कोणत्या स्पर्धेला किती वजन असते आणि अलीकडे बदललेल्या नियमांचा लाभ कोणाला झाला, हे समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

दोन भिन्न पद्धती

खेळाडूंची क्रमवारी लावण्याच्या स्थूलमानाने दोन पद्धती जगभर रूढ आहेत. पहिली संचयाची. तीत स्पर्धेलाच ठराविक वजन दिलेले असते. पुरुषांच्या टेनिसमध्ये ग्रँड स्लॅम विजेत्याला २००० गुण मिळतात, तर खालच्या श्रेणीतील स्पर्धांच्या विजेत्यांना १०००, ५०० आणि २५०. भारतात फारसा न रुजलेल्या, पण अमेरिका-युरोपात संघटितपणे खेळल्या जाणाऱ्या पिनबॉलची क्रमवारीही याच वळणाची आहे. तेथे स्पर्धेचे मोल किती खेळाडू उतरले, त्यांचा दर्जा काय आणि किती डाव खेळले गेले यांवर ठरते. एक वर्षाच्या आतील निकाल पूर्ण धरला जातो, दुसऱ्या वर्षी त्याचे ७५ टक्के, तिसऱ्या वर्षी ५० टक्के, आणि त्यानंतर तो हिशेबातून बाद होतो. खेळाडूचे ठराविक सर्वोत्तम निकालच जमेस धरले जातात. साहजिकच वजनाच्या सूत्रात थोडा फेरफार झाला, तरी छोट्या गावांतील आयोजक आणि खेळाडू यांच्यात वाद उभा राहतो.

दुसरी पद्धत अपेक्षेची. बुद्धिबळाने ती स्वीकारली. जन्माने हंगेरियन असलेले अमेरिकेतील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक अर्पाद एलो (१९०३-१९९२) यांनी ती सिद्ध केली. अमेरिकी बुद्धिबळ महासंघाने ती १९६० मध्ये आणि फिडेने १९७० मध्ये अंगीकारली. या पद्धतीत स्पर्धेला स्वतःचे असे वजन नाही. वजन आहे ते प्रतिस्पर्ध्याला. दोन खेळाडूंच्या गुणांकनातील फरकावरून प्रत्येकाकडून किती यश अपेक्षित आहे हे काढले जाते. फरक शून्य असेल तर अपेक्षा निम्म्या गुणाची. १०० असेल तर वरच्याकडून ०.६४, २०० असेल तर ०.७६ आणि ४०० असेल तर ०.९२. प्रत्यक्ष निकाल अपेक्षेहून सरस ठरला तर गुणांकन वाढते, उणा ठरला तर घटते.

‘के’ नावाचा गुणक

किती वाढते वा घटते, हे ‘के’ या गुणकावर अवलंबून असते. नवोदिताच्या पहिल्या ३० डावांपर्यंत हा गुणक ४० असतो. वयाची १८ वर्षे पूर्ण होतील त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत, गुणांकन २३०० च्या खाली असेतोवर, तो ४० च राहतो. इतरांसाठी २०, आणि एकदा २४०० चा टप्पा गाठलेल्यांसाठी १०.

उदाहरणार्थ, १५०० गुणांकनाच्या पंधरा वर्षांच्या मुलाने १७०० गुणांकनाच्या प्रौढ खेळाडूस हरविले असे समजू. मुलाकडून ०.२४ गुणाची अपेक्षा होती, त्याने १ मिळविला. फरक ०.७६, त्याला ४० ने गुणल्यास ३०.४ गुणांची कमाई होते. प्रौढाचे नुकसान मात्र ०.७६ गुणिले २०, म्हणजे १५.२ इतकेच. मुले झपाट्याने सुधारतात आणि त्यांचे गुणांकन त्यांच्या खऱ्या ताकदीच्या मागे राहते, म्हणून ही तजवीज. तरीही ती पुरी पडली नाही, असे पुढे दिसून आले.

एकदाच दिलेली भर

सर्वांच्या आकड्यांत एकदम फेरफार करण्याचा प्रसंग फिडेवर पूर्वीही आला होता. १९८७ मध्ये महिला खेळाडूंच्या गुणांकनात सरसकट १०० गुणांची भर घालण्यात आली. महिला बहुतांशी आपसातच खेळत असल्याने त्यांचे आकडे पुरुषांच्या तुलनेत खाली राहिले आहेत, असा त्यामागील विचार होता. हंगेरीची सुसान पोल्गर मात्र या वाढीतून वगळली गेली, कारण ती मुख्यत्वे पुरुषांविरुद्ध खेळत असे. त्यामुळे तिचे महिलांच्या यादीतील पहिले स्थान गेले आणि निर्णयावर पुष्कळ टीका झाली. गणिती दृष्टीने योग्य वाटणारी दुरुस्तीही व्यक्तीवर अन्याय करू शकते, याचे हे उदाहरण म्हणून आजही सांगितले जाते.

दुसरा प्रसंग १ मार्च २०२४ चा. एके काळी फिडेच्या यादीत सुमारे २२०० च्या खाली गुणांकनच नसे. ही किमान मर्यादा टप्प्याटप्प्याने १००० पर्यंत उतरविण्यात आली. त्यामुळे हजारो मुले यादीत आली, परंतु खालच्या थरातील आकडे प्रमाणाबाहेर ताणले गेले. कोरोनाच्या साथीत स्पर्धा बंद असताना मुले घरी बसून संगणकावर खेळत राहिली, सुधारली. आकडे मात्र जागीच राहिले. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ जेफ सोनास यांनी २०२३ मध्ये या विसंगतीचे विश्लेषण फिडेपुढे मांडले. २००० च्या खालील खेळाडू बलवान प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध सूत्राच्या अपेक्षेपेक्षा बरेच अधिक यश मिळवीत होते.

त्यावर उपाय म्हणून १००० ते २००० या दरम्यानच्या प्रत्येक खेळाडूला एकदाच भर देण्यात आली. २००० मधून आपले गुणांकन वजा करावे आणि उरलेल्या आकड्याच्या ४० टक्के मिळवावेत, असे तिचे सूत्र होते. म्हणजे १००० चे १४०० झाले, १५०० चे १७००, १८०० चे १८८० आणि १९५० चे १९७०. किमान मर्यादाही १४०० करण्यात आली. क्रम कोणाचाच बदलला नाही. अंतर मात्र घटले. पूर्वी १००० आणि १५०० या दोघांत ५०० चा फरक होता, तो ३०० वर आला.

पहिले गुणांकन

नवख्या खेळाडूच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा बदल पहिल्या गुणांकनाच्या सूत्रात झाला. गुणांकनप्राप्त खेळाडूंविरुद्ध किमान पाच डाव झाले की पहिला आकडा काढला जातो. हे डाव एकाच स्पर्धेतील असावेत असे नाही. निरनिराळ्या स्पर्धांतील डाव एकत्र करता येतात. पहिल्याच स्पर्धेत शून्य गुण मिळाल्यास ती स्पर्धा हिशेबात धरली जात नाही. २०२४ पासून या डावांत १८०० गुणांकनाच्या दोन काल्पनिक प्रतिस्पर्ध्यांशी झालेल्या दोन बरोबऱ्या मिळविल्या जातात.

समजा, श्रीरामपूरच्या एखाद्या मुलीने सरासरी १५०० च्या पाच प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध २ गुण मिळविले. दोन काल्पनिक डाव धरून प्रतिस्पर्ध्यांची सरासरी सुमारे १५८६ होते आणि तिचे गुण सातपैकी ३. तक्त्यानुसार या प्रमाणासाठी ५० गुण वजा होतात आणि पहिले गुणांकन १५३६ च्या आसपास येते. काल्पनिक डाव नसते तर ते १४२८ च्या घरात राहिले असते. मोजक्या डावांवरून निघणारा आकडा फार खाली वा फार वर जाऊ नये, हा या योजनेचा हेतू आहे. मात्र हिशेब १४०० च्या खाली आला तर गुणांकन जाहीरच होत नाही आणि खेळाडू यादीबाहेर राहतो. पूर्वी १०५० वा ११०० असा का होईना, आकडा हाती येत असे आणि त्यातील चढ पाहून मुलांना हुरूप येई. तो आरंभीचा जिना आता राहिलेला नाही.

४०० चा नियम

गुणांकनात ४०० हून अधिक फरक असेल तर तो ४०० च समजावा, असा दंडक आहे. २००० गुणांकनाचा प्रौढ खेळाडू १४०० च्या मुलाविरुद्ध जिंकला तर त्याला ०.०८ गुणिले २०, म्हणजे १.६ गुण मिळतात. खरा ६०० चा फरक धरला असता तर ०.४ च मिळाले असते. हा नियम २०२२ मध्ये एका स्पर्धेत एकाच डावापुरता मर्यादित करण्यात आला होता. २०२४ मध्ये तो पुन्हा सर्व डावांना लागू झाला. खुल्या स्पर्धांतील पहिल्या फेऱ्यांत बलवान खेळाडूंची गाठ दुबळ्यांशी पडते. नियम नसेल तर एका बरोबरीनेही मोठे नुकसान होते आणि नावाजलेले खेळाडू अशा स्पर्धा टाळू लागतात. मग लहान गावांतील मुलांना त्यांच्याशी खेळण्याची संधीच उरत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. अव्वल खेळाडूने दुबळ्या स्पर्धांत खेळून थोडे थोडे गुण जमवीत राहावे, हे क्रमवारीच्या हेतूशी विसंगत ठरते. २०२५ मध्ये अमेरिकेचा हिकारू नाकामुरा आव्हानवीर स्पर्धेच्या पात्रतेसाठी आवश्यक असलेली डावांची किमान संख्या पुरी करण्यासाठी लुइझियाना व आयोवा येथील स्थानिक स्पर्धांत उतरला. नियमानुसार त्यात वावगे काहीच नव्हते, तरी चर्चा झालीच. १ ऑक्टोबर २०२५ पासून २६५० वा त्याहून अधिक गुणांकनाच्या खेळाडूंसाठी ४०० ची ही सवलत काढून घेण्यात आली. त्याखालील सर्वांसाठी ती कायम आहे.

जेथे स्पर्धेलाच वजन असते

बुद्धिबळातही काही ठिकाणी संचयाची पद्धत शिरली आहे. २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘फिडे सर्किट’मध्ये स्पर्धेचे वजन तिच्यातील आठ सर्वाधिक गुणांकनाच्या खेळाडूंच्या सरासरीवरून ठरते. त्या सरासरीतून २५०० वजा करून १०० ने भागले की गुणक मिळतो. २०२३ च्या डिसेंबरात चेन्नईत झालेल्या ग्रँडमास्टर्स स्पर्धेतील विजयाने डी. गुकेशला याच मार्गाने आव्हानवीर स्पर्धेचे दार उघडले आणि २०२४ च्या अखेरीस तो जगज्जेता झाला. नाशिकच्या विदित गुजराथीने त्याच स्पर्धेसाठीची पात्रता २०२३ ची ग्रँड स्विस जिंकून मिळविली होती.

किताबांबाबतही तसेच. ग्रँडमास्टर होण्यासाठी एरवी २५०० गुणांकन आणि तीन निकष पूर्ण करावे लागतात. परंतु महिला विश्वचषकाचे वजन असे, की २०२५ च्या जुलैत तो जिंकताच नागपूरच्या दिव्या देशमुखला हा किताब थेट बहाल झाला. श्रीरामपूरच्याच जिल्ह्यातून पुढे आलेल्या शार्दूल गागरेने मात्र नेहमीची वाट चालून २०१६ मध्ये ग्रँडमास्टर किताब मिळविला. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील मुलांसमोर हे उदाहरण आहे.

डबक्याचे पाणी

कोणत्याही सूत्राने न सुटलेला एक प्रश्न शिल्लक राहतो. एखाद्या भागातील मुले आपसातच खेळत राहिली, तर सर्वांची ताकद वाढूनही गुण तेवढेच फिरत राहतात. एकाने मिळविलेले दुसऱ्याने गमावलेले असतात. बाहेरून भर पडते ती केवळ ‘के’ गुणकातील तफावतीमुळे. अशा मुलांचा आकडा त्यांच्या खऱ्या खेळापेक्षा खाली राहतो. ती शहरातील स्पर्धेत उतरली की प्रतिस्पर्धी ‘गुणांकन कमी, खेळ भारी’ म्हणून कुरकुरतात. २०२४ ची भर ही या साचलेल्या पाण्याला एकदाच काढून दिलेली वाट होती. ती वारंवार मिळणारी नाही.

त्यावरचा टिकाऊ उपाय सूत्रात नसून स्पर्धांच्या वाटपात आहे. तालुक्याच्या ठिकाणी वर्षातून एखादी तरी नोंदणीकृत खुली स्पर्धा भरली आणि तीत बाहेरचे जाणते खेळाडू आले, तर गावातील मुलांची बाहेरच्यांशी गाठ पडते आणि आकडे आपोआप वास्तवाजवळ येतात. तोवर पालकांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवणे इष्ट. पहिल्या स्पर्धेची घाई न करता निदान पाच-सहा गुणांकनप्राप्त प्रतिस्पर्ध्यांशी टक्कर देण्याइतकी तयारी झाल्यावरच मुलांना उतरवावे. आणि एका स्पर्धेत साठ-सत्तर गुण गेले, तरी ४० च्या गुणकाने ते तितक्याच वेगाने परत येतात, हे मुलांना सांगावे. बेलापूर स्थानकावर उतरणाऱ्या मुलाच्या हाती चषक नसेल, आकडाही घटला असेल. पण हरलेले डाव त्याच्या वहीत लिहिलेले असतात आणि पुढच्या स्पर्धेची तयारी तेथूनच सुरू होते.