चौदा कॅरटचं सोनं

हिऱ्याचा कॅरट म्हणजे वजन, २०० मिलिग्रॅम. सोन्याचा कॅरट म्हणजे २४ भागांत शुद्ध सोनं किती, ते. हा दुसरा कॅरट एकदा थेट सरकारनेच ठरवून टाकला होता! चीन युद्धानंतर परकीय चलनाची चणचण, त्यात सोन्याची तस्करी. म्हणून जानेवारी १९६३मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी १४ कॅरटपेक्षा शुद्ध दागिने घडवायला बंदी घातली. पण आपल्याकडे दागिना म्हणजे अडीनडीची पुंजी. त्यात जवळजवळ ४२ टक्के भेसळ कोणाला हवीये? गिऱ्हाईक फिरकेना, सोनारांच्या शेगड्या विझल्या, काहींनी तर जीव दिला. १९६६मध्ये ही अट गेली. आज हॉलमार्कवर ५८५ दिसलं, की ते १४ कॅरट. माझं म्हणणं एवढंच: खुशाल घ्या, पण आकडा वाचून. तेव्हा तो निवडायची सोय नव्हती.