झोजी ला : हिमालयाचा सखल उंबरठा

हिमालयांतील खिंडींच्या नांवांत ‘ला’ हें अक्षर वारंवार कानीं पडतें. लडाखी व तिबेटी भाषांत ‘ला’ म्हणजेच खिंड. तेव्हां ‘झोजी लाची खिंड’ ही ‘विंध्याचल पर्वता’सारखीच द्विरुक्ति होय. पण ती रूढ झाली आहे, आणि रूढीशीं भांडण्यांत अर्थ नाहीं.

श्रीनगरहून लेहला जाणाऱ्या वाटेवर, सोनमर्ग सोडल्यावर ही खिंड लागते. तिची उंची ११,५०० फुटांहून किंचित् अधिक आहे. सह्याद्रीच्या घाटांची संवय असलेल्यास हा आंकडा छाती दडपविणारा वाटेल. परंतु हिमालयाच्या मुख्य रांगेंत एवढी सखल वाट क्वचितच सांपडते. याच रस्त्यावर पुढें लागणारी फोतु ला १३,००० फुटांच्याही वर आहे. तरी वाटसरूला धास्ती असते ती झोजी लाचीच. याचें कारण तिच्या सखलपणांतच आहे. उंच भिंतीला एकच खिडकी असावी आणि सारा वारा तिच्यांतूनच घुसावा, तसें येथें होतें. हिंवाळ्यांत पश्चिमेकडून येणारीं ओलीं वादळें या फटींत कोंडलीं जातात, बर्फाचे थरावर थर बसतात, आणि दोन्हीं बाजूंच्या कड्यांवरून हिमलोट कोसळतात.

खिंडीचीं दोन तोंडें एकमेकांशीं मुळींच जुळत नाहींत. काश्मीरच्या बाजूस बालतालपासून सुमारें २,००० फुटांचा उभा चढ; खालीं सूचिपर्णी झाडें व भूर्जवृक्ष, हिरवीं कुरणें, खळाळणारी सिंध नदी. माथ्यावर पोंचल्यावर पलीकडे दरींत कोसळणारा उतार असेल अशी अपेक्षा असते. पण तेथें लांबच लांब, जवळजवळ सपाट, उघडीबोडकी दरी पसरलेली दिसते. झाड औषधालाही नाहीं. अलीकडच्या बर्फाचें पाणी सिंधेंतून झेलमला मिळतें, पलीकडचें गुमरीच्या ओढ्यानें द्रास व सुरू या नद्यांतून सिंधुनदाला. एकाच माथ्यावर विभागलेलें हें पाणी शेंकडों मैलांचा वळसा घेऊन पंजाबच्या मैदानाखालीं पुन्हा एकत्र येतें.

अशा वाटेनें माणसें कां जात? मुख्यतः लोंकरीसाठीं. काश्मिरी शालीचें नांव जगभर झालें, पण तिची पश्म काश्मीरची नव्हे. ती लडाख व पश्चिम तिबेट येथील थंड पठारांवरच्या शेळ्यांची. सतराव्या शतकाच्या अखेरीस तिबेटी फौजेनें लडाखला जेरीस आणलें, तेव्हां लडाखच्या राजानें काश्मीरच्या मोगल सुभेदाराची मदत मागितली. मदत मिळाली, पण फुकट नव्हे. १६८४ च्या तिंगमोसगांगच्या तहानंतर ही लोंकर विकण्याचा मक्ता काश्मिरी व्यापाऱ्यांकडे गेला. श्रीनगरच्या हजारों मागांची पोटगी या खिंडीवर अवलंबून राहिली, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

वाटसरूंत नाना तऱ्हेचे लोक होते. लडाखहून आलेला रिंचन १३२० सालीं काश्मीरच्या गादीवर बसला आणि इस्लाम स्वीकारून तेथील पहिला मुसलमान राजा ठरला. काशगरच्या फौजेसह मिर्झा हैदर दुघलात १५३२-३३ च्या ऐन हिंवाळ्यांत येथून काश्मीरांत उतरला. एवढ्या बर्फांत शत्रु येईल असें कोणास वाटलें असतें? १७१३ सालीं गोव्याच्या बंदरांत उतरलेला इटालियन धर्मोपदेशक इप्पोलितो देसिदेरी १७१५ च्या मे महिन्यांत श्रीनगर सोडून जूनच्या अखेरीस लेहला पोंचला. इतिहासांत नांवें यांचींच राहिलीं. पाठीवर ओझीं घेऊन जाणाऱ्या हमालांचीं व टपालवाल्यांचीं राहिलीं नाहींत. तीं माणसें बर्फाच्या दिवसांत रात्रीं चालत. सूर्य वर आला कीं बर्फ सैल होतो, हें ज्ञान त्यांना पुस्तकांतून मिळालेलें नव्हतें.

या खिंडीची खरी कसोटी १९४८ सालीं लागली. त्या उन्हाळ्यांत कारगिल व द्रास शत्रूच्या हातीं गेले, पाठोपाठ झोजी लाही गेली, आणि लेहचा काश्मीरशीं जमिनीवरचा संबंध तुटला. मे महिन्यांतच हवाई दलाच्या मेहरसिंग यांनीं जनरल थिमय्या यांना घेऊन लेहजवळच्या वाळवंटी धांवपट्टीवर विमान उतरविलें होतें. पण सारा मुलूख विमानानें किती दिवस पोसणार? सप्टेंबरांत पायदळानें केलेले हल्ले कड्यांवरच्या माऱ्यापुढें फसले. हिंवाळा दाराशीं येऊन ठेपला होता. खिंड बंद झाली असती तर लडाखचें भवितव्य वसंतापर्यंत शत्रूच्या हातीं राहिलें असतें.

थिमय्या यांनीं तेव्हां रणगाडे आणण्याचें ठरविलें. सातव्या लाइट कॅव्हल्रीचे हलके स्टुअर्ट रणगाडे, ओळखूं येऊं नयेत म्हणून वरचे बुरूज उतरवून, गुप्तपणें बालतालला आणले गेले. मद्रास सॅपर्सच्या जवानांनीं खेंचरांची वाट खोदून, रुंद करून रणगाडे चढतील अशी केली. या कामाची कीर्ति लढाईइतकी झाली नाहीं. पण तें झालें नसतें तर लढाईच झाली नसती. १ नोव्हेंबर रोजीं बर्फ पडत असतांना लेफ्टनंट कर्नल राजिंदरसिंग यांचे रणगाडे वर चढले. थिमय्या स्वतः पुढच्या रणगाड्यांत होते. इतक्या उंचीवर रणगाडे पाहून बचाव ढासळला. महिना संपण्यापूर्वीं द्रास व कारगिल परत मिळून लेहची वाट मोकळी झाली.

पुढें मोटारींचा रस्ता झाला, तरी बर्फाचा हक्क सुटला नाहीं. अनेक वर्षें डिसेंबर ते एप्रिल-मे खिंड बंद असे. अलीकडे सोनमर्गकडून ‘बीकन’ व द्रासकडून ‘विजयक’ या रस्ते-प्रकल्पांचे कामगार दोन्हीं टोंकांकडून बर्फ कापीत येतात आणि माथ्यावर भेटतात. २०२५ सालीं रस्ता अवघ्या ३२ दिवसांच्या खंडानंतर खुला झाला. २०२० च्या ऑक्टोबरांत खिंडीखालून १३ किलोमीटरांहून लांब बोगद्याचें काम सुरू झालें. त्याचें एक तोंड बालतालकडे, दुसरें पलीकडे मिनामर्गजवळ.