वृत्ताची मालकी : एका चित्र-आज्ञावलीचा इतिहास

कवितेचे शब्द कवीचे असतात, पुस्तक प्रकाशकाचे असते. पण वृत्त कोणाच्या मालकीचे असते, हा प्रश्न काव्याच्या अभ्यासकाला सहसा पडत नाही. उद्या कोणी ओवीवर किंवा भुजंगप्रयातावर हक्क सांगितला आणि त्यात लिहिणाऱ्या प्रत्येकाकडे परवाना मागितला, तर आपण त्याला हसण्यावारी नेऊ. महाजालाच्या बाल्यावस्थेत मात्र काहीसा अशाच जातीचा दावा केला गेला आणि त्याच्या खुणा महाजालावरील चित्रांच्या घडणीत कायमच्या उमटल्या. तो प्रसंग संगणकाच्या इतिहासातला असला, तरी लेखनाची रीत आणि तिची मालकी यांचा विचार करणाऱ्या कोणालाही तो परका वाटू नये.

आरंभीच्या संकेतस्थळांवरील चित्रे पुस्तकातील चित्रांसारखी होती. कोणीतरी ती आधी काढून ठेवी आणि वाचकाने पान उघडले की ती जशीच्या तशी पाठवली जात. १९९३ साली वाचकाच्या मागणीसरशी सर्व्हरवर एखादी आज्ञावली चालवण्याची सोय झाली आणि एक नवी शक्यता निर्माण झाली : मागितल्याक्षणी घडणारे चित्र. पानाच्या तळाशी भेट देणाऱ्यांची संख्या दाखवणारे आकडे, ताज्या नोंदींवरून काढलेला आलेख, नकाशावर उमटणारा ठिपका ही त्याची परिचित रूपे होत. हे चित्र कोठे साठवलेले नसते. साठवलेली असते ती केवळ ते काढण्याची कृती. कागद एवढा रुंद, रंग अमुक, या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत रेघ, येथे अक्षरे, अशा ओळींची ती संहिता असते आणि प्रत्येक वाचकासमोर तिचा नवा प्रयोग होतो. नाटकाची संहिता आणि प्रयोग यांच्यातील नाते ज्याने अभ्यासले आहे, त्याला ही रचना ओळखीची वाटेल.

या कामासाठी सर्वांत अधिक वापरले गेलेले मुक्त साधन म्हणजे ‘जीडी’. अमेरिकेतील कोल्ड स्प्रिंग हार्बर या जीवशास्त्रीय प्रयोगशाळेत प्रथिनांच्या माहितीसंचावर काम चालू असताना, १९९४ च्या सुमारास थॉमस बूटेल यांनी ते लिहिले. सी भाषेतील या आज्ञासंचाला पर्लमधून हाक मारण्याची सोय लिंकन स्टाइन यांनी केली; पुढे पीएचपीतूनही ती झाली. त्यामुळे भाड्याच्या साध्या सर्व्हरवर चारदोन ओळींची स्क्रिप्ट लिहिणाऱ्या विद्यार्थ्यालाही चित्रे घडवता येऊ लागली. साधन विनामूल्य होते आणि त्याची संहिता कोणालाही वाचण्यास व सुधारण्यास खुली होती. मग अडचण कोठे आली?

अडचण नावातच दडलेली होती. ‘जीडी’ म्हणजे मुळात ‘जिफ ड्रॉ’ : जिफ चित्रे काढणारे. कॉम्प्युसर्व्ह या कंपनीने १९८७ साली जिफ हे चित्ररूप प्रसिद्ध केले आणि ते सर्वांना मुक्तपणे वापरू दिले. मंद दूरध्वनी-जोडण्यांवरून चित्र लवकर पोचावे म्हणून त्यातील माहिती आटोपशीर करण्यासाठी एलझेडडब्ल्यू ही पद्धत वापरली होती. जेकब झिव आणि अब्राहम लेम्पेल यांनी १९७७ व १९७८ मध्ये मांडलेल्या कल्पनांवर टेरी वेल्च यांनी ती उभारली आणि १९८४ मध्ये प्रसिद्ध केली. पद्धत मोठी देखणी आहे. मजकूर वाचता वाचता पुनःपुन्हा येणाऱ्या अक्षरमालिकांचा कोश रचायचा आणि पुढे त्या मालिकेऐवजी कोशातील तिचा क्रमांक तेवढा लिहायचा. नवल असे की हा कोश सोबत पाठवावा लागत नाही. वाचणारा यंत्रवाचक तोच कोश वाचता वाचता आपल्यापुरता पुन्हा रचतो.

या पद्धतीवर वेल्च ज्या स्पेरी कंपनीत होते तिचे पेटंट होते. ते १९८५ च्या डिसेंबरात मंजूर झाले आणि १९८६ च्या विलीनीकरणानंतर युनिसिस कंपनीकडे गेले. जिफ रचणाऱ्यांना या पेटंटाची जाणीव नव्हती. डिसेंबर १९९४ च्या अखेरीस कॉम्प्युसर्व्ह आणि युनिसिस यांनी जाहीर केले की जिफ चित्रे घडवणारी आज्ञावली लिहिणाऱ्यांनी यापुढे परवाना घ्यावा. सात वर्षे सर्वांनी सार्वजनिक समजून वापरलेल्या रस्त्यावर एका सकाळी जकातनाके उभे राहावे, तसे हे झाले.

युनिसिसची बाजू निराधार नव्हती, हेही नमूद केले पाहिजे. पेटंट कायदेशीर होते, आणि वेल्च यांची पद्धत पिढ्यान्‌पिढ्यांच्या मुखातून घडलेल्या ओवीसारखी अनामिक नव्हती. तरीही वृत्ताशी तिचे साम्य एका मर्मस्थानी आहे. एखादी रीत ज्या क्षणी सर्वांच्या लेखनाचा आधार बनते, त्या क्षणी तिच्यावरील मालकी ही त्या रीतीत लिहिल्या जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीवरील मालकी होऊ लागते. ज्याने पेटंटाचा कागद कधी पाहिला नाही, त्याचा आलेखही तिच्या कक्षेत येतो.

याला मिळालेले उत्तर विलक्षण वेगाने आले. ४ जानेवारी १९९५ रोजी, म्हणजे घोषणेनंतर जेमतेम आठवडाभरात, बूटेल यांनीच एका नव्या चित्ररूपाचा कच्चा आराखडा सार्वजनिक चर्चेसाठी मांडला. अनेक देशांतील स्वयंसेवकांनी त्यावर वाद घातले, दुरुस्त्या सुचवल्या. त्यातून पीएनजी हे रूप सिद्ध झाले आणि १ ऑक्टोबर १९९६ रोजी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने त्याची अधिकृत शिफारस केली. नव्या रूपासाठी झाँ-लू गायी आणि मार्क ॲडलर यांचे झेडलिब हे मुक्त साधन हाताशी होते. त्याची मुळे लेम्पेल-झिव यांच्या १९७७ च्या कल्पनेत आहेत. तीत कोश रचण्याऐवजी ‘इतकी अक्षरे मागे जा आणि तेथील इतकी अक्षरे पुन्हा घ्या’ अशी मागील मजकुराकडे बोट दाखवणारी सूचना लिहिली जाते. म्हणजे एकाच मूळ परंपरेची एक शाखा कुंपणात गेली, तेव्हा लोकांनी दुसऱ्या शाखेला पाणी घातले. शिवाय जिफमध्ये एका चित्रात २५६ रंगांची मर्यादा होती, तर पीएनजीत लक्षावधी रंग आणि कमीअधिक पारदर्शकता शक्य झाली. चलच्चित्राची सोय तेवढी त्यात नव्हती. जिफ पुढे टिकले ते मुख्यतः त्या बळावर.

जीडीच्या इतिहासातील पेच यानंतर दिसतो. मधल्या काही आवृत्त्यांनी पेटंटातील पद्धत टाळून जिफ लिहिण्याचा प्रयत्न केला. पण १९९९ मध्ये आलेल्या १.६ या आवृत्तीतून जिफ काढून टाकले गेले आणि त्याच्या जागी पीएनजी आले. ज्या रूपावरून साधनाचे नाव पडले होते तेच रूप साधनाला निषिद्ध झाले. ‘जीडी’ म्हणजे काय, या प्रश्नाला काही काळ अधिकृत उत्तरच उरले नाही. पुढे ‘ग्राफिक्स ड्रॉ’ असा अर्थ मागाहून जुळवून घेण्यात आला. व्युत्पत्तीशास्त्राच्या अभ्यासकाने असे उदाहरण जपून ठेवावे. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला ‘सारी जिफ जाळा’ असा निषेधदिन पाळला गेला. अमेरिकेतील पेटंट २० जून २००३ रोजी संपले, युरोप, जपान व कॅनडातील पेटंटे २००४ च्या जून-जुलैत संपली, आणि त्याच जुलैत आलेल्या २.०.२८ आवृत्तीत जिफ जीडीमध्ये परतले. तोवर नव्या रूपाची मुळे खोल गेली होती.

यातून निघणारा धडा ‘मुक्त’ या शब्दाच्या अर्थाविषयीचा आहे. जीडीची संहिता पहिल्यापासून खुली होती, तरी ते साधन पूर्णतः मुक्त नव्हते. कारण ते ज्या रीतीत बोलत होते ती रीत दुसऱ्याची होती. स्वातंत्र्य संहितेपाशी थांबून भागत नाही, ते रीतीपर्यंत पोचावे लागते. भारतात या प्रश्नाला कायद्याचे रूप मिळाले आहे. पेटंट कायद्याच्या ३ (के) या कलमाने गणिती पद्धती, निव्वळ संगणक-आज्ञावली आणि अल्गोरिदम यांना पेटंटाबाहेर ठेवले. डिसेंबर २००४ च्या अध्यादेशाने हे कुंपण सैल करण्याचा प्रयत्न केला; २००५ च्या दुरुस्ती कायद्यात तो बदल टिकला नाही.

मराठी लेखकाला मात्र या साधनाशी आणखी एक हिशेब चुकता करायचा होता. जीडीला चित्रात देवनागरी लिहायला सांगितली, की ते फ्रीटाइपच्या साहाय्याने एकेक वर्ण उचलून संकेतक्रमाने ओळीत मांडत जाई. युनिकोडमध्ये ‘कि’ साठवताना आधी क आणि मग ऱ्हस्व वेलांटी येते. कागदावर वेलांटी आधी येते. परिणामी ‘किल्ला’ लिहिताना वेलांटी क-ला सोडून पुढच्या ल-च्या डोक्यावर जाऊन बसे, ‘पूर्व’ मधला रफार व-वर चढण्याऐवजी पाय मोडलेला र होऊन उभा राही, जोडाक्षरे सुटी पडत. येथे कोणाचे पेटंट आड आले नव्हते. अक्षरांची जुळणी हे वेगळे काम आहे, आणि ते या साधनात कोणी केलेले नव्हते, एवढेच.

ते काम झाले तेही मुक्त परंपरेतच. फ्रीटाइप प्रकल्पातच उगवलेली जुळणीची संहिता पुढे पँगो व क्यूटी या प्रकल्पांत वाढली आणि तिच्यातून हार्फबझ हे साधन उभे राहिले. त्याचे नाव फारसीतून आले आहे : ‘हर्फ’ म्हणजे अक्षर आणि ‘बाझ’ म्हणजे उघडे. आज फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड आणि लिब्रेऑफिस यांत देवनागरीची जुळणी त्याच्या आधारे होते. आपण पडद्यावर वाचतो त्या मराठीतील वेलांट्या जागच्या जागी बसतात, त्यामागे हे श्रम आहेत.

परवान्याची भीती गेली म्हणून लिपी आपोआप शुद्ध उमटत नाही. त्यासाठी ती लिपी जाणणाऱ्याने संहितेत हात घालावा लागतो. मुक्त संहिता त्या हाताला वाव देते, हात पुरवत नाही. शुद्धलेखनाविषयी आग्रही असलेल्या आपल्या विद्यापीठीय जगाने या दुसऱ्या शुद्धलेखनाकडे अद्याप पुरेसे लक्ष दिलेले नाही. छापखान्यातील खिळ्यांचा इतिहास आपण वाङ्मयेतिहासाचा भाग मानतो. या उघड्या अक्षरांचा इतिहासही त्याच दालनात ठेवायला हवा.