डोंगरवाल्याचा फरा

परवा पणजीच्या बाजारात डिचोलीकडचा एक जुना ओळखीचा शेतकरी भेटला. यंदा वायंगण घातलं का, विचारलं. म्हणाला, "भाऊ, रानडुकरांसाठी कशाला घालू?" घरी येईपर्यंत मला मामांची ठासणीची बंदूक आठवत राहिली.

मामांचं गाव पेडणे तालुक्यात. पोर्तुगीज अमदानीची शेवटची वर्षं, मी सात-आठ वर्षांचा. भात तयार व्हायला आलं की डुकरं डोंगरावरून उतरायची आणि गाव पारधीला निघायचा. बंदूक एकाची, हाकारे दहा-बारा, कुत्री गावची. आधी राखणदाराला नारळ ठेवून गाऱ्हाणं, मग ज्याचा डोंगर त्याच्या कानावर घालायचं. पेडण्यात मोठी जमीन देशप्रभू घराण्याकडे, शिवाय लहान भाटकार होतेच. परवानगी तोंडी असायची, पैसे कोणी मागत नसे. डुक्कर पडलं की आमच्या गावी मागचा एक फरा डोंगरवाल्याच्या घरी जायचा, डोकं बार ज्याचा त्याला, बाकी हाकाऱ्यांत सारखं. कुत्र्यांचाही वाटा ठरलेला. मामांचा खर्च म्हणजे दारू, छरे आणि टोपी.

सगळं गोड नव्हतं. शेत राखायचं कुळानं आणि फरा भाटकाराला! भाटकार नको म्हणाला तर कुळानं डबे बडवत रात्र काढायची. पुढे जीप घेऊन हौशी शिकारीही यायला लागले. ते गाभणी मादी बघत नसत, वाटा तर दूरच.

मुक्तीनंतर जमिनीचं गणित बदललं. 1964 साली कूळ कायदा आला, 1976 च्या दुरुस्तीनं कसणारं कूळ मालक झालं. आमच्या गावी शेत कुळाचं झालं, वरचा डोंगर मात्र भाटकाराकडेच राहिला. डिचोलीत डोंगराखाली लोहखनिज. खाण सुरू झाली की फाटक आणि राखणदार आलाच, पण हा राखणदार नारळावर ऐकणारा नव्हे.

शिकारीचंही तसंच. 1972 च्या वन्यजीव कायद्यात सुरुवातीला परवाना काढून शिकारीची सोय होती, 1991 च्या दुरुस्तीनं ती बंद झाली. शेतराखणीच्या बंदुकीला शस्त्र कायद्यात जागा आहे, पण परवान्याचं नूतनीकरण, निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा, एवढं सगळं करून डुकरावर बार काढायचा तर वनखात्याची परवानगी. मामांच्या पश्चात आम्ही ती बंदूक जमा केली ती कायमची. खर्च आणि हेलपाटे कोणालाच झेपत नव्हते.

शिकार परत सुरू करा, असं मी म्हणणार नाही. बंदी आली नसती तर आपल्या रानात काही उरलं नसतं. पण बंदीचं बिल कोण भरतो? वारसांच्या भानगडीत पडीक राहिलेला डोंगर, विकायला ठेवलेला सडा, बंद पडलेली खाण, सगळीकडे रान माजलंय. त्यात डुकरं वाढतात आणि खातात शेजारच्या गरिबाचं. बँकेत असताना शेतीकर्जाच्या किती फायली पाहिल्या, त्यात जनावरांनी खाल्लेल्या पिकाचा रकाना कधी दिसला नाही. कुंपणाला सरकारी अनुदान असलं तरी शेतकऱ्याला स्वतःच्या खिशात हात घालावाच लागतो. ते जमलं नाही की कोणी फास लावतो आणि त्यात बिबटा अडकतो. जानेवारी 2020 मध्ये सत्तरीत गोळावलीच्या रानात चार वाघ मेले. गुरं मारल्याच्या रागातून विष घातल्याचं तपासात पुढे आलं. सोसणारा एकटा पडला की असं होतं.

पूर्वी डोंगरवाल्याला शिकारीत वाटा होता. आज त्याच्या डोंगरावरची डुकरं नुकसान करतात, त्यात मात्र त्याचा वाटा शून्य. आपल्यापैकी कितीतरी जण पणजीत, मुंबईत बसून गावच्या डोंगराचे मालक आहोत. मीही आहे. निदान रान साफ ठेवणं आणि शेजाऱ्याच्या कुंपणाला हातभार लावणं एवढं आपल्याकडे लागतं. मी यंदा तेवढं करायचं ठरवलंय.

तुमच्या गावी डोंगरवाल्याला कुठला वाटा जायचा? घरात कोणा म्हाताऱ्या माणसाला आठवत असेल तर विचारून जरूर लिहा.